अमेरिकेची सुरुवातीची परराष्ट्रनीती वाचताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त आढळणारी चूक अवतरणाची. ‘कुणाशीही गुंतागुंतीची युती नको’ हे शब्द सर्रास वॉशिंग्टन यांच्या नावावर खपवले जातात. ते जेफरसन यांचे, ४ मार्च १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातले. वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात कायमच्या युतींपासून दूर राहायला सांगितलं. आणीबाणीत तात्पुरती युती त्यांना चालणार होती.

तटस्थता म्हणजे जगाकडे पाठ फिरवणं, असंही समजू नका. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं, तेव्हा १७७८ चा फ्रान्सशी झालेला मैत्रीचा तह लागूच होता. पण अमेरिकी सरकारची तिजोरी भरायची ती मुख्यतः आयातीवरच्या जकातीने, आणि बराचसा माल ब्रिटनमधून यायचा. तेव्हा फ्रान्सच्या बाजूने लढणं परवडणारं नव्हतं. तेव्हाचे अर्थमंत्री हॅमिल्टन ब्रिटनकडे झुकलेले, परराष्ट्रमंत्री जेफरसन फ्रान्सकडे, हे खरं. पण युद्धात पडायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं. जेने नावाचा फ्रेंच दूत अमेरिकी बंदरांतून ब्रिटिश जहाजं लुटायला खाजगी जहाजं पाठवू लागला, तेव्हा त्याला परत बोलवा अशी मागणी करण्यातही दोघं एकत्र होते.

अमेरिकेचे दूत जॉन जे यांनी ब्रिटनशी केलेला ‘जे करार’ (१७९४) वाचताना मुलं हमखास अडखळतात. जॉन जे यांचे पुतळे जाळले गेले, सिनेटमध्ये जेमतेम दोन-तृतीयांश म्हणजे २० विरुद्ध १० मतं पडली, अमेरिकी खलाशांना जबरदस्तीने पकडून नेण्याबद्दल करारात अवाक्षर नाही. मग तो फसला म्हणायचा का? माझ्या मते नाही. ब्रिटिशांनी वायव्येकडचे किल्ले सोडले. अमेरिकी जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातली मुंबईसारखी हिंदुस्थानी बंदरं कायदेशीरपणे खुली झाली. ब्रिटन आणि अमेरिका एक होतात की काय, या धास्तीने स्पेनने १७९५ मध्ये मिसिसिपी नदीवरची वाहतूक मोकळी केली. उलट चिडलेल्या फ्रान्सने अमेरिकी जहाजं पकडायला सुरुवात केली आणि १७९८ पासून समुद्रावर अघोषित युद्ध पेटलं. म्हणून एखादा करार उमगत नसेल, तर त्याच सुमारास लंडन, पॅरिस आणि माद्रिदमध्ये काय चाललं होतं ते शेजारी मांडून बघा.

फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेण्याचं सगळं श्रेय जेफरसन यांना देऊ नका. त्यांच्या दूतांना हवं होतं न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा भाग. १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला अख्खा प्रदेश मिळाला, कारण सां-दोमिंग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या बंडखोर गुलामांनी आणि पीतज्वराने नेपोलियनचं सैन्य संपवलं होतं. त्याच लोकांनी उभारलेल्या हैतीला अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये.