जिताड्याचा विषाणू शुद्ध करताना या चुका टाळा

हॅचरीत जिताड्याची पिल्लं गरगर फिरत मरायला लागली की पहिला संशय नर्व्हस नेक्रोसिस व्हायरसवर जातो. तो शुद्ध करून त्याचा आरएनए तपासणारी नवी मुलं वर्षानुवर्षं त्याच चुका करतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे जेलवर (आरएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या थरावर) दोन बँड, म्हणजे पट्टे, दिसले की काम झालं असं समजणं. या विषाणूचा जीनोम दोन तुकड्यांत असतो, साधारण ३१०० आणि १४०० न्यूक्लिओटाइडचे. माझ्या पहिल्या जेलवरही दोनच बँड आले. महिनाभर मी तो फोटो सगळ्यांना दाखवत होते. मग लॅबमधल्या एका ताईंनी विचारलं, "मॉकची लेन कुठाय?" नव्हतीच. मॉक म्हणजे संसर्ग न केलेल्या पेशी. त्या त्याच पद्धतीने चालवल्या, तर तिथेही तेच दोन बँड! ते होते माशाच्या पेशींचे स्वतःचे २८एस आणि १८एस रायबोसोमल आरएनए. त्यात जेल साधं, आरएनए न उलगडता चालवलेलं, त्यामुळे लांबीही हवी तशी वाचता आली.

तेव्हापासून मॉकचा फ्लास्क मी शेवटपर्यंत सोबत नेते. विषाणू खाली बसवणारं तेच पीईजी, तोच सुक्रोजचा थर, घनतेनुसार कण वेगळे करणारा तोच सीझियम क्लोराइडचा ग्रेडियंट. ग्रेडियंटच्या आधी आरनेझ ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) देते. पेशींचा उघडा आरएनए बराचसा जातो, कवचातला टिकतो. पण हाच आरनेझ मागे राहिला तर कवच फोडताच विषाणूचा आरएनएही खाईल, म्हणून ग्रेडियंटची पायरी वगळायची नाही आणि आरएनए ग्वानिडिनियम-फिनॉलनेच काढायचा. जेल फॉर्मल्डिहाइडचंच, म्हणजे आरएनए उलगडलेला राहतो.

ऑलिगो-डीटी प्रायमरने (जो पॉली-ए शेपटाला चिकटतो) सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, बनवू नका. या आरएनएला पॉली-ए शेपूट नसतं. कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर, म्हणजे रँडम हेक्सामर, घ्या, किटला दोष देऊ नका.

हा विषाणू वाढवायला वापरतात त्या एसएसएन-१ आणि ई-११ या माशाच्या पेशींत स्नेकहेड रेट्रोव्हायरस मुळातच असतो. सिक्वेन्सिंगमध्ये तो सापडला तर नवा शोध लागला म्हणून धावू नका. इथेही मॉकच उत्तर देतो.

ग्रेडियंटमध्ये विषाणूचा बँड कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. ग्रेडियंटमधून काढलेल्या प्रत्येक भागाची, म्हणजे फ्रॅक्शनची, घनता रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा. विषाणू १.३० ते १.३५ ग्रॅम प्रति मिलीच्या दरम्यान बसतो.

आणि पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये नळीच्या तळाशी बसलेला विषाणूचा गोळा! पिपेटने ठोकून ठोकून विरघळवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कण गुठळ्या धरतात आणि ग्रेडियंटमध्ये नीट बँड येत नाही. थोडं बफर घालून नळी रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि घरी जा. सकाळी हलक्या हाताने दोन-तीनदा वर-खाली केलं की पुरतं.