सॅन फ्रान्सिस्कोला शेजारी विमान असताना उतरणं: नवीन एफओंसाठी

नवीन फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे को-पायलट) झालेली मुलं हमखास विचारतात, एसएफओला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर, दुसऱ्या विमानाच्या बाजूबाजूने उतरताना भीती वाटते का. पहिल्यांदा भीती नाही वाटत हो, मान वळवून बघत बसायचा मोह होतो! मी अंधेरीत वाढलो, मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे गच्चीवरून विमानं एकामागोमाग एकच दिसायची, आणि एसएफओला २८ लेफ्ट आणि २८ राइट या दोन समांतर रनवेंच्या सेंटरलाइनमध्ये ७५० फूट, म्हणजे जेमतेम २३० मीटर. शेजारच्या विमानाच्या खिडक्या दिसतात.

आता माझी चूक सांगतो. संध्याकाळची वेळ, आम्ही २८ लेफ्टला, अप्रोचच्या कंट्रोलरने विचारलं, उजवीकडे ट्रॅफिक (दुसरं विमान) आहे, दिसतंय का? मला दिवे दिसले, मी लगेच "इन साइट" (दिसतंय) बोलून मोकळा. कॅप्टनने शांतपणे विचारलं, "नक्की तेच का?" नव्हतंच, मी बघत होतो ते शेजारच्या ओकलंड विमानतळाला चाललेलं विमान, आमच्या शेजारचं त्याच्या बरंच खाली, शहराच्या दिव्यांत हरवलेलं. लगेच रेडिओवर दुरुस्ती केली, कंट्रोलर काही बोलला नाही पण माझे कान गरम झाले. कारण "इन साइट" म्हटलं आणि त्याने व्हिज्युअल सेपरेशन (डोळ्यांनी बघून अंतर राखणं) दिलं की अंतर राखायची जबाबदारी आपली, त्याची नाही. दिसत नसेल तर नाही म्हणा, कोणी हसत नाही.

दुसरं म्हणजे व्हिज्युअल, म्हणजे रनवे डोळ्यांनी बघून उतरणं असलं तरी आयएलएस (रनवेची लाइन दाखवणारी रेडिओ यंत्रणा) ट्यून करून ठेवाच, आणि बरोबर रनवेची फ्रिक्वेन्सी आहे ना ते एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा. ७ जुलै २०१७ च्या रात्री एअर कॅनडाचं ७५९ इथेच २८ राइट समजून शेजारच्या टॅक्सीवेवर (रनवेपर्यंत विमानं जमिनीवरून जातात तो रस्ता) उतरायला निघालं होतं, २८ लेफ्ट बंद, तिथले दिवे विझलेले, आणि टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत. गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता परत वर गेलं, तेव्हा ते जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली आलं होतं. आणि त्यांचं आयएलएस ट्यून केलेलंच नव्हतं.

सगळ्यात नाजूक जागा फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, वळताना. स्पीड जास्त असला की वळण मोठं होतं आणि तुम्ही सरळ शेजाऱ्याच्या लाइनीकडे जाता, म्हणून वळायच्या आधीच स्पीड कमी करा, फ्लॅप्सचं आधी ठरवून ठेवा. टीकॅस (जवळच्या विमानाची सूचना देणारं यंत्र) "ट्रॅफिक, ट्रॅफिक" ओरडेल, दचकू नका. आमच्याकडे उडवणारा फक्त रनवे बघतो, दुसरा शेजाऱ्यावर नजर ठेवतो, दोघांनीही खिडकीबाहेर बघत बसायचं नाही. शेजारी ट्रिपल सेव्हन (मोठं बोइंग ७७७) असेल आणि तो थोडा पुढे असेल तर वाऱ्याची दिशा बघा, तुम्ही २८ लेफ्टला असाल आणि उजवीकडून वारा असला तर त्याचा वेक (विमानामागे उठणारे हवेचे भोवरे) तुमच्याकडे सरकतो.

आणि उन्हाळ्यातल्या सकाळी समुद्रावरून ढग खाली आले की हे सगळं बंद, बाजूबाजूने येणं नाही, तासाला उतरणारी विमानं जवळपास निम्मी होतात. मग होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेतच घिरट्या घालत, बसायचं. त्या दिवशी डिस्पॅचकडून (कंपनीत फ्लाइटचं प्लॅनिंग करणाऱ्यांकडून) जास्तीचं फ्युएल मागून घ्या, लाजू नका.