मोसोंच्या घरात बाप शोधताना या चुका टाळा

चीनच्या युन्नान आणि सिच्वान प्रांतांच्या सीमेवर, सुमारे 2,690 मीटर उंचीवर लुगू सरोवर आहे. त्याच्या काठी आणि शेजारच्या योंगनिंग खोऱ्यात मोसो लोक राहतात. त्यांची ओळख बहुतेकांना एकाच वाक्यातून होते: ‘इथे लग्न नाही आणि बाप कोण ते कुणाला ठाऊक नाही.’ या एका वाक्यात किती गफलती आहेत ते पाहू.

‘बाप माहीतच नसतो’ हे म्हणणे

ही सगळ्यांत जुनी आणि चिवट चूक. बाप कोण हे सहसा आईला माहीत असते आणि गावालाही. बाळ जन्मले की बापाची आई आणि बहिणी भेटी घेऊन येतात. नव्या वर्षाला मूल बापाच्या घरी जाऊन मोठ्यांच्या पाया पडते. बापाचे घर माहीत असणे आणखी एका कारणासाठी गरजेचे असते: उद्या जोडीदार निवडताना जवळचे नाते टाळायचे असते.

मग चूक होते कुठे? बाप कोण आणि मुलाला वाढवणार कोण, हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. मोसोंकडे मूल आईच्या घरचे. त्याच्या खाण्यापिण्याची, शिस्तीची, शेतात हाताशी घेण्याची जबाबदारी आई, आजी, मावश्या आणि मामा यांची. आपल्याकडे आजोळी सुट्टीत जायचे. मोसो मुलाचे आजोळ हेच घर. पुरुषाचे म्हणाल तर तो रात्री जोडीदारणीकडे गेला तरी पहाटे आपल्या आईच्या घरी परततो, कारण त्याच्या बहिणीची मुले आणि घरची शेती तिथे असते. त्याला ‘बेजबाबदार बाप’ म्हणणाऱ्याने तो मामा म्हणून काय करतो ते पाहिलेलेच नसते. शिवाय बरेच बाप आपल्या मुलांसाठीही वेळ आणि पैसा खर्च करतात.

म्हणून ‘या मुलाला बाप आहे का?’ हा प्रश्नच टाळा. ‘हे मूल कोणत्या घरचे?’ असे विचारा, बाकीचे आपोआप कळते.

‘चालता विवाह’ हा शब्द जसाच्या तसा घेणे

रात्री जोडीदारणीकडे जाऊन पहाटे परतण्याच्या या प्रथेला चिनी भाषेत ‘झौहुन’ म्हणतात, त्यावरून ‘चालता विवाह’. मोसोंचा स्वतःचा शब्द ‘तिसेसे’, म्हणजे ये-जा करणे. त्यात विवाह हा शब्दच नाही! वरात नाही, हुंडा नाही, एकत्र संसार नाही. दोघांपैकी कुणालाही नको झाले की नाते संपते. यावरून ‘दर रात्री नवा माणूस’ अशी कल्पना रंगवली जाते, आणि तिच्यावर पर्यटनाचा धंदाही चालतो. मोसो पोशाख घालून देहविक्रय करणाऱ्या बाहेरच्या स्त्रियाही तिथे आल्या. प्रत्यक्षात अशी कित्येक नाती आयुष्यभर टिकतात.

मातृवंशीय आणि मातृसत्ताक यांची गल्लत

मातृवंशीय म्हणजे वंश आईकडून मोजणारा, मातृसत्ताक म्हणजे सत्ता स्त्रियांच्या हाती असलेला. मोसोंकडे घराची कर्ती, ‘दाबू’, बहुधा स्त्री असते. धान्याच्या कोठारापासून पैशापर्यंत तिचा शब्द चालतो. पण योंगनिंगचे सरदारपद बापाकडून मुलाकडे जाई, आणि दाबा पुरोहित व लामा पुरुषच. तेव्हा ‘स्त्रियांचे राज्य’ हा मथळा देऊ नका.

‘तिथे कुणीच लग्न करत नाही’

सरदार घराण्यात लग्ने होत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, 1970 च्या दशकात, सरकारने मोसो जोडप्यांना एकपत्नी-एकपती विवाहासाठी भाग पाडले. मोहीम ओसरल्यावर अनेकजण पुन्हा आईच्या घरी परतले. आज कितीतरी जोडपी रीतसर नोंदणी करून एकत्र राहतात, तर कुठे तीन पिढ्या अजूनही एकाच चुलीभोवती बसतात. कागदोपत्री त्यांना ‘मोसो’ ही वेगळी ओळख राष्ट्रीय पातळीवर नाहीच: युन्नानमध्ये त्यांची नोंद नाशी या दुसऱ्या समाजात होते, सिच्वानमध्ये मंगोल म्हणून.