आखाजीची गाणी घरी रेकॉर्ड करायची तर सामान आणण्याआधी आणि जोडताना काय काय बघायचं

आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, जवळ आली की कुणी ना कुणी विचारतंच, भाऊ, घरातल्या बायांची गौराईची, झोक्यावरची गाणी एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायची आहेत, माइक कोणता घेऊ. माइकचं नंतर बघू. पहिले एका कागदावर लिहून काढा की एका टायमाला कोण कोण गाणार आणि कोण काय वाजवणार, कारण सगळं सामान त्यावर ठरतं. एकटी आजी जात्यावर ओव्या म्हणणार असेल तर एक माइक बास. दोघी गाणार, सोबत ढोलकी आणि पेटी, आणि हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर पाहिजे, तर चार माइक, चार केबल, चार स्टँड आणि चार माइक घेणारा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा डबा), म्हणजे खर्च कुठच्या कुठं जातो. पाच-सहा जणी मिळून गाणार असतील तर मी तरी सांगेन, एकच चांगला माइक मधे ठेवा, सगळ्यांना अर्धगोल बसवा आणि जिचा आवाज मोठा तिला हातभर मागं सरकवा. अर्धं मिक्सिंग तिथंच होऊन जातं.

कागद झाला की खोली. याला पैसे लागत नाहीत म्हणून लोक हे सगळ्यात शेवटी करतात आणि नंतर माइकला शिव्या देतात. पत्र्याची खोली नको, उन्हानं पत्रा तापला की कडकड वाजतो आणि कानबाईची गाणी श्रावणात घ्यायला बसलात आणि पाऊस आला तर विषयच संपला. नवीन बांधलेला, गुळगुळीत फरशीचा रिकामा हॉलही नको. मधली खोली बघा, जिथं कपाट आहे, गाद्यांची चळत आहे, दोरीवर कपडे आहेत, आणि तिथं मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागून टिर्रर्र असं शेपूट ऐकू आलं तर ते शेपूट गाण्याच्या प्रत्येक ओळीला लागणार हे समजून घ्या. आपल्याकडं कापसाच्या जाड गाद्या आणि गोधड्या घरोघरी आहेत, त्याच कामाला लावा, आणि सगळ्यात पहिली गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागं टांगा. माइकच्या मागं नाही, गाणाऱ्याच्या मागं. गाण्याचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, ते समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी, म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंत बरोबर माइकच्या तोंडासमोर येते. गोधडी भिंतीला चिकटवून न लावता दोरीवर वीतभर पुढं टांगली तर जास्त काम करते. ऑनलाइन मिळणारे इंचभर जाडीचे फोमचे तुकडे लावून बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबत नाही हे पण सांगून ठेवतो, फोम फक्त खोलीतला वरचा घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत लागते नाहीतर वेळ बदलावी लागते.

वेळ बदलणं सोपं. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात दुपारी कूलर-पंखा बंद करून कुणाला गायला बसवणं बरं नाही, आणि कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. म्हणून पहाटे पाचच्या आधी किंवा रात्री अकराच्या नंतर. फ्रिज बंद करावा लागला तर गाडीची चावी फ्रिजमधे ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहते, नाहीतर सकाळी दूध गेलं.

आता वीज, आणि इथं जरा थांबा कारण आपल्या भागात निम्मे प्रॉब्लेम इथले असतात. जुन्या घरात तीन पिनचा बोर्ड दिसतो पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर त्याच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण, आणि तेच हेडफोनमधे गुंईंई असं ऐकू येतं. आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणून हा हम ५० ला आणि त्याच्या पटीत १००, १५० ला बसतो आणि तो ढोलकीच्या जाड आवाजाच्या खाली असा लपतो की लगेच कळत नाही. टेस्ट अशी करायची, चार्जर काढून टाका, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, हम गेला तर दोष माइकचा नाही, लाइनीचा. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्या, आणि ते होईपर्यंत बॅटरीवरच रेकॉर्ड करा. हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक लागून जीव जायचं काम आहे ते. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, जुने स्क्वेअर वेव्हवाले चालू झाले की पंखासुद्धा घुर्रर्र करतो, मग ऑडिओचं काय होणार. या सगळ्यामुळं माझं मत पक्कं आहे की इंटरफेस यूएसबीवर चालणाराच घ्यावा, वेगळा अडॅप्टर लागणारा नको. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर इंटरफेस चालू, माइकचं फँटम (काही माइकला इंटरफेसमधून लागणारी वीज) सुद्धा चालू, आणि बाईचं कडवं अर्ध्यात तुटत नाही.

आता माइक. दोन जाती लक्षात ठेवा, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकला वीज लागत नाही, तो जवळचं ऐकतो, पडला-झडला तरी चालतो. स्टेजवर सगळीकडं दिसणारा शूअर एसएम ५८ हा त्यातलाच, १९६६ पासून चालू आहे आणि म्हणूनच त्याचे डुप्लिकेट भरपूर आहेत, बिलाशिवाय घेऊ नका. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर लागतं, तो बारीक सारीक सगळं ऐकतो, बाहेरच्या कुत्र्यासकट. खोली गजबजलेली असेल, आवाज खणखणीत असेल तर डायनॅमिक घ्या. आजीचा आवाज बारीक, थकलेला असेल तर मात्र उलटं, कारण डायनॅमिकचा सिग्नल कमजोर असतो, बारीक आवाजाला इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसमधे तिथं सूंऽऽ असा हिस चढतो, तिथं कंडेन्सर आणि रात्रीची शांतता हेच बरं. ऑनलाइन स्वस्तात जे कंडेन्सर सेट येतात, सोबत स्टँड, जाळी आणि एका टोकाला मोबाइलसारखी बारीक पिन असलेली केबल, ते थेट लॅपटॉपला लावले तर आवाज येतो पण मेलेला येतो, कारण त्या बारीक पिनेतून ४८ व्होल्ट मिळत नाहीत. दोष माइकचाच असतो असं नाही.

इंटरफेस घेताना डब्यावर टू इन टू आउट असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, त्यातले माइकचे इनपुट किती ते मोजा. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला माइक एकच लागतो, दुसरं इनपुट गिटार किंवा कीबोर्डचं. २आय२ ला दोन माइक लागतात. आणि मांडववाल्याकडचा यूएसबी असलेला मिक्सर आहे, तो चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालेल, पण पहिले बघा की ती यूएसबी नुसती पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायची आहे की कॉम्प्युटरला जोडायची, आणि कॉम्प्युटरची असली तरी बऱ्याच छोट्या मिक्सरमधून सगळे माइक एकत्र होऊन दोनच ट्रॅक बाहेर येतात. मग ढोलकी जास्त झाली म्हणून नंतर एकटी ढोलकी कमी करता येत नाही.

केबल. माइकपासून इंटरफेसपर्यंत दोन्हीकडं तीन पिनांची एक्सएलआर पाहिजे. त्यात पिन एक म्हणजे शील्ड, दोन आणि तीनवर तोच सिग्नल सुलटा-उलटा जातो, वाटेत दोघांवर सारखाच कचरा चढतो आणि पुढं इंटरफेसमधे उलटा परत सुलटा करून जोडला की कचरा आपोआप कटतो, सिग्नल राहतो. साउंडवाल्यांकडं एका बाजूला एक्सएलआर आणि दुसरीकडं मोठी पाव इंची पिन असलेल्या केबल ढिगानं असतात, त्यात ही गंमत होत नाही आणि इंटरफेसच्या त्या मोठ्या पिनेच्या भोकात फँटमही येत नाही. म्हणजे कंडेन्सर त्या केबलवर मुकाच राहणार. घरात पाच मीटर पुरे. ऑक्टापॅड किंवा कीबोर्ड असेल तर पाव इंची पिनेनं लाइन इनपुटला लावा आणि तिथलं इन्स्ट लिहिलेलं बटण बंद ठेवा, ते गिटारच्या पिकअपसाठी असतं. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद, वायरवाले. ब्लूटूथ नको, आवाज उशिरा येतो आणि गाणारी बाई ताल सोडते. हेडफोन, स्प्लिटर, यूएसबी केबल असलं किरकोळ सामान जळगावात गोलाणी मार्केटला फिरलात तर मिळून जातं. मॉनिटर स्पीकर आत्ता नाही घेतले तरी चालतात.

सॉफ्टवेअरवर जास्त डोकं घालवू नका. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि इंटरफेसला जोडणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र आदल्या दिवशीच टाकून ठेवा, गावाकडं ऐनवेळी नेट चालत नाही. सेटिंग ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट. या हिशोबानं एक माइक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, चार माइकचा तासभर म्हणजे दोन जीबीच्या आसपास, तेवढी जागा मोकळी करून ठेवा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, मग कॉम्प्युटर किती स्लो आहे याचा संबंधच राहत नाही.

जोडायचा क्रम असा ठेवा. गेन शून्यावर, हेडफोनचा आवाज शून्यावर, फँटम बंद. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला, मधे हब नको. मग माइक स्टँडवर घट्ट, मग एक्सएलआर खट् आवाज येईपर्यंत आत, मग सॉफ्टवेअरमधे इनपुट निवडा, आणि कंडेन्सर असेल तरच ४८ व्होल्टचं बटण दाबून चार-पाच सेकंद थांबा. काढताना उलटं, पहिले फँटम बंद, मग केबल. स्पीकर जोडलेले असतील तर ते सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात पहिले बंद, नाहीतर धप्प. आता गेन, आणि इथं एक नेहमीचं आहे, टेस्टला बाई लाजत लाजत हॅलो हॅलो म्हणते आणि खऱ्या गाण्यात दुप्पट आवाजात सुटते. तिला टेस्टलाच गाण्यातली सगळ्यात वरची ओळ म्हणायला लावा, वाटलं तर दोघी-तिघींना सोबत म्हणू द्या म्हणजे लाज जाते, आणि मीटर त्या वेळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं करा, उणे ६ च्या वर कधीच नको. लाल दिवा लागला की तो टेक गेला, २४ बिटात कमी घेतलेलं वाढवता येतं पण फाटलेलं शिवता येत नाही.

आता जे डब्यावर लिहिलेलं नसतं ते. काचेच्या बांगड्या. टाळी धरली, हात हलला की किणकिण थेट माइकमधे, आणि ती नंतर काढता येत नाही कारण गाण्याच्या स, श च्याच पट्टीत बसते. बांगड्या काढा असं सवाष्णीला सणाच्या दिवशी सांगू नका, ती काढणार नाही आणि का काढावी; बांगड्या कोपराकडं वर सरकवून त्यावर सुती रुमाल बांधायचा, काम होतं. टाळीचा ठेका पाहिजेच असेल तर एकीला तीन-चार हात लांब बसवून टाळी द्यायला सांगा. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला ठेवू नका, फुस्स फुस्स येतं, सुराच्या पट्ट्यांच्या वरून हातभर उंचीवर ठेवा. आणि जुन्या पेटीचा सूर आजच्या कीबोर्डला जुळेलच असं नाही, मोबाइलवरच्या ट्यूनरनं पेटी कुठं बसते ते आधी बघा आणि कीबोर्ड पेटीला जुळवा, पेटी काही फिरत नाही. ढोलकी खोलीत आणून अर्धा तास ठेवा, मग चढवा, गरम ओट्यावरून थंड खोलीत आली की कातडं उतरतं. दोन माइक जवळजवळ असतील तर एक हिशोब, माइक तोंडापासून एक वीत असेल तर दोन माइकमधे निदान तीन वीत अंतर, नाहीतर तोच आवाज दोन्हीकडं थोडा पुढं-मागं पडून पोकळ वाटतो. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीला असतो तसला मोठा ढोल घरात आणायचा विचार असेल तर नका आणू, तो अंगणात वाजवा आणि माइक आठ-दहा फूट लांब ठेवा. आजीच्या ओव्या घेताना जातं काढून घेऊ नका, हात फिरला नाही तर तिला पुढची ओवी आठवत नाही. जात्याखाली जाड घोंगडी घाला, माइकचा स्टँड जमिनीवर न ठेवता दुसऱ्या गादीवर ठेवा आणि ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा लो कट चालू करा, घरघर निम्मी होते आणि राहिलेली घरघर ओवीला शोभते.

पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री सगळं जोडून अर्धा मिनिट कुणी काही न बोलता रेकॉर्ड करा आणि ते हेडफोनवर आवाज मोठा करून ऐका. घड्याळाची टिकटिक, ट्यूबलाइटचा चोक, शेजारची मोटर, काय काय ऐकू येतं ते लिहा आणि एकेक बंद करत जा. मग एक पूर्ण गाणं घ्या, लॅपटॉप बंद करून परत चालू करा आणि ती फाइल उघडते का बघा. ज्या दिवशी गाणी होतील त्या दिवशी प्रत्येक गाण्याच्या आधी माइकवर तारीख, गाव आणि गाणारीचं नाव तिच्याच तोंडून बोलून घ्या, फाइलला ऑडिओ ०१ असं नाव राहिलं तरी पुढं शोधता येतं. सगळं संपलं की आधी पेनड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमधे एक अशा दोन कॉप्या करा, दोन्ही लावून बघा, आणि मगच केबली गुंडाळायला घ्या.