आयोडीनच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशींच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेला निघाला, तेव्हा घरातल्या चर्चेत सर्वांत आधी पुढे आला तो आयोडीनच्या गोळ्यांचा उपाय. थायरॉइड म्हणजे आयोडीनची कमतरता, हे समीकरण आपल्याकडे फार रुळलेले आहे. वास्तविक ज्या घरी आयोडीनयुक्त मीठ नियमित वापरले जाते, तिथे ही ग्रंथी मंदावण्याचे नेहमीचे कारण हाशिमोटो हा विकार असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, आणि अशा ग्रंथीला जादा आयोडीन दिल्यास ती आणखी मंदावू शकते. म्हणून टीएसएच, फ्री टी४ (ग्रंथी बनवते ते संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उलटलेली प्रतिपिंडे) या तपासण्या होऊन डॉक्टरांचे मत मिळण्यापूर्वी गोळी सुरू करणे, ही पहिली चूक.

मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम?

मावशींच्या भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवरील बारीक अक्षरे मी चष्मा लावून वाचली, तर एका गोळीत आयोडीन होते १२.५ मिलिग्रॅम. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे आणि गरोदर व स्तनदा मातांसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम सुचवते. एका मिलिग्रॅममध्ये १,००० मायक्रोग्रॅम असतात, हे लक्षात घेतले की त्या एका गोळीत सुमारे ८३ दिवसांचे आयोडीन भरले होते, असा हिशेब निघतो. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला १,१०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात, तर युरोपात ती ६०० आहे. समुद्री शेवाळापासून केलेल्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक ठरत नाहीत, कारण शेवाळाच्या जातीनुसार त्यांतील आयोडीन कमालीचे बदलते. ल्युगॉलच्या द्रावणाच्या, म्हणजे तीव्र आयोडीन-द्रावणाच्या, थेंबांचा प्रयोग घरी करू नये. जखमेवर लावण्याचे पोव्हिडोन आयोडीन तर कधीच पोटात घेऊ नये.

मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा आयोडीन असते, तेही बेरजेत धरावे.

मिठाच्या बरणीकडेही पाहा

आता कमतरता खरोखर कशी येते ते पाहू. मावशींकडे चातुर्मासात उपवासासाठी आणलेले शेंदेलोण, म्हणजे इकडच्या दुकानात मिळणारे सेंधा नमक, ‘शुद्ध’ म्हणून वर्षभर भाजी-आमटीत पडू लागले होते. पाकिटावर तसा उल्लेख नसेल, तर त्यात आयोडीन घातलेले नसते. आयोडीनयुक्त मिठात मात्र ग्राहकाच्या हाती पडताना दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असणे अपेक्षित आहे. ते मीठ गॅसशेजारी उघडे ठेवू नये आणि शक्य तेव्हा स्वयंपाकाच्या शेवटी घालावे. आयोडीन वाढवण्यासाठी मीठच वाढवणे मात्र रक्तदाबाला महागात पडते. दूध, दही आणि अंडी यांतूनही ते मिळते.

औषधांची गल्लत

थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारे थायरॉइड संप्रेरक भरून काढणारी, गोळी बंद करून तिच्या जागी आयोडीन घेणे ही सर्वांत घातक अदलाबदल आहे. थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यावे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-पोह्यांना थांबावे, हा नियम इंदूरच्या सकाळी पाळणे जड जाते, हे मान्य. पण कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांशी निदान चार तासांचे अंतर ठेवावेच लागते. अमियोडारोन (हृदयाच्या ठोक्यांचे औषध) किंवा लिथियम (मनोविकारावरचे औषध) चालू असल्यास, तसेच पोटॅशियम आयोडाइडच्या जोडीला रक्तदाबाची काही औषधे असल्यास, डॉक्टरांना आधी सांगावे. केसांसाठी घेतलेले बायोटिन थायरॉइडचे आकडे फसवे दाखवू शकते, म्हणून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवतात.

गोळ्या सुरू केल्यावर छातीत धडधड, हातांना कंप, कारणाविना वजन घटणे, तोंडात धातूसारखी चव किंवा अंगावर पुरळ जाणवले, तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे. जुना गलगंड असलेल्या वयस्कर व्यक्तींनी हे विशेष जपावे, कारण आयोडीन मिळताच त्यांची ग्रंथी एकाएकी जादा संप्रेरक बनवू लागू शकते.

मावशींचे अँटी-टीपीओ वाढलेले निघाले. त्यांची बाटली कपाटात गेली, शेंदेलोण पुन्हा साबुदाण्याच्या खिचडीपुरते उरले आणि डॉक्टरांनी थायरॉक्सिन सुरू करून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितला आहे.