वेदगंगेकाठची पावसाळ्याआधीची यादी, वैरणीसकट

ही यादी कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात पुराचं पाणी शिरणाऱ्या नदीकाठच्या गावांसाठी, आणि मिरगाच्या आधी उरकायची. जुलैत नव्हे. बॅटरी, औषधं, काडेपेटी सगळ्यांना ठाऊक आहे. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि उतारा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, विषय संपला.

आता वैरण. कोरडी वैरण उंचावर चढवा. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, माणसांना भात-आमटी मिळते, जनावरांचं कोण बघतंय? गेल्या खेपेला म्हशी माळावर नेल्या, रेडकूसुद्धा उचलून नेलं, आणि कडबा परड्यातच राहिला. मोठ्या जनावराला दिवसाला 6-7 किलो कोरडी वैरण लागते. चार जनावरं असतील तर पंधरवड्याला 4 क्विंटल धरा. पाणी उतरल्यावर चारा मिळेलच, असं म्हणू नका. गवतावर गाळ बसतो, जनावर तोंड लावत नाही, लावलं तर पोट बिघडतं. साखर कारखाने कधीचे बंद झालेले, म्हणजे उसाचं वाडंही नाही. बाहेरून ट्रक मागवावा तर 2019 ला आणि 2021 ला यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली होता. खिशात पैसे असून पेंढी मिळत नाही. माळावर भावकीतल्या कुणाचा गोठा असेल तर आजच बोला, भाडं मागितलं तरी द्या. खाली दगड आणि फळ्या, वर ताडपत्री. बुरशी आलेला कडबा घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यात टोचून घ्या, ती लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात. डॉक्टर गोठ्यात येतील त्याच दिवशी वैरण किती उरली ते मोजा. अंदाजानं नको, पेंढ्या मोजा.

नदीवरच्या मोटारी सगळे काढतातच. स्टार्टरची पेटी मात्र राहते.

पाण्याचं म्हणाल तर कोयनेचा विसर्ग बातम्यांत येतो, कृष्णाकाठाला आवराआवर करायला सवड मिळते. वेदगंगा ती सवड देत नाही. पाटगाव-गारगोटीकडं रात्रभर कोसळलं की इथं ऊन पडलेलं असलं तरी बंधारा दिसेनासा होतो. वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि दूधगंगा कल्लोळला कृष्णेला. त्यात कल्लोळला कृष्णा तुडुंब असेल तर दूधगंगेचं पाणी पुढं सरत नाही, फुगवटा मागं येतो. जत्राट-भिवशी किंवा सिदनाळ-अक्कोळ बंधारा बुडाल्याचं कळलं की जनावरं हलवायची, पायरीला पाणी लागायची वाट बघायची नाही. बुडालेल्या बंधाऱ्यावरून मोटारसायकल घालणारे दरवर्षी असतातच. त्यांना मी काही सांगत नाही, बाकीच्यांनी त्यांच्या मागं बसू नये एवढंच.

मातीच्या भिंतींचे फोटो आत्ताच काढा, आतून आणि बाहेरून. 2019 च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं 5 लाख जाहीर केले होते, पण घर किती पडलं हे पंचनाम्यात ठरतं आणि रक्कम त्यावर. आधीचं घर कसं होतं हे दाखवायला फोटोशिवाय काय आहे? फोटो मुलाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा.

निघताना मेन स्विच आणि सिलिंडर बंद. दावं सुटत नसेल तर विळ्यानं कापा. आणि वैरण? अजून परड्यात असेल तर भांडी राहू द्यात, ट्रॉलीत आधी कडबा भरा.

परत आल्यावर काठी आपटत आत शिरा, अडगळीत साप असतात. गाळात अनवाणी नको. पाणी उकळून प्या. भिंत पाण्यात उभी राहिली म्हणून तिच्या आडोशाला झोपू नका, पाणी उतरल्यावरच पडते. मीटर वायरमनला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका.