स्पॅनिश साहित्य आणि प्राचीन संस्कृती: यात प्राध्यापक व्हायचं असेल तर अशी तयारी करा

स्पॅनिश साहित्यात पीएचडी करायची आणि सोबत आस्तेक, माया, इन्का असलं काहीतरी पण करायचं असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना आधीच सांगते, नुसत्या स्पॅनिशवर भागत नाही. स्पॅनिश तर पक्कं हवंच, भाषेच्या युरोपीय पातळ्यांतल्या बी२ ला थांबू नका, त्याच्या वरच्या सी१ पर्यंत रेटा, कारण १६व्या शतकातल्या गद्यात वाक्य सुरू होतं ते लवकर संपतच नाही. पण त्याच्या जोडीला नाहुआत्ल (आस्तेकांची भाषा), केचुआ (इन्कांची) किंवा एखादी माया भाषा पहिल्या वर्षापासूनच धरा, विषय ठरल्यावर बघू म्हणाल तर फार उशीर होतो.

का ते फ्लोरेंटाइन कोडेक्स उघडून बघा. साहागुन नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ, म्हणजे नाहुआत्ल बोलणाऱ्या, विद्वानांना सोबत घेऊन १५७७ च्या सुमारास पूर्ण केलेला १२ भागांचा ग्रंथ, मूळ प्रत फ्लॉरेन्सला, पण ऑनलाइन फुकट बघायला मिळते. पानावर दोन रकाने, उजवीकडे नाहुआत्ल, डावीकडे स्पॅनिश. बऱ्याच ठिकाणी स्पॅनिश मजकूर इतका आखूड आहे की जागा उरते आणि तिथे चित्रं काढलीत. म्हणजे नाहुआ माणसांनी जे सविस्तर सांगितलं त्यातलं कितीतरी डाव्या बाजूला आलेलंच नाही!! फक्त स्पॅनिश वाचणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही. एकच पान घ्या, काय गाळलंय, काय वाढवलंय, चित्र तिसरंच काही सांगतंय का, सगळं वहीत उतरवा. थिसिसचा विषय असाच सापडतो, मोठमोठ्या थिअरीची पुस्तकं आधी वाचून नाही.

अँडीजकडे, म्हणजे इन्कांच्या प्रदेशाकडे ओढा असेल तर ग्वामान पोमा हा पेरूचा मूळनिवासी लेखक घ्या. १६१५ च्या आसपासचं हस्तलिखित, स्पेनच्या राजासाठी लिहिलेलं, ३९८ चित्रं, सापडलं मात्र कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत १९०८ साली. हेही ऑनलाइन आहे.

जुनं हस्ताक्षर वाचायची सवय वेगळी लावावी लागते. स्पेनमधल्या सेव्हियाच्या इंडीज अर्काइव्हची (स्पॅनिश वसाहतींच्या दप्तराची) बरीच कागदपत्रं पारेस या स्पॅनिश सरकारी अभिलेखांच्या ऑनलाइन पोर्टलवर आहेत, ज्याचं छापील वाचन उपलब्ध आहे असा एखादा कागद निवडा, छापील बाजूला ठेवा, ओळीओळीने स्वतः टाइप करा आणि मग ताडून बघा. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात, क्यूवर नुसती रेघ मारून अख्खा शब्द उरकलेला असतो, सुरुवातीला डोकं उठतं पण रोज थोडं केलं की डोळा बसतो.

आधुनिक साहित्य सोडू नका हं. नोकरी बहुतेक वेळा स्पॅनिश विभागातच मिळते, तिथे भाषेचे वर्गही घ्यावे लागतात आणि विसावं शतकही शिकवावं लागतं. ग्वाटेमालाचा कादंबरीकार आस्तुरियास सोयीचा पडतो, पॅरिसमध्ये असताना पोपोल वुह या मायांच्या पवित्र ग्रंथाच्या स्पॅनिश भाषांतरावर काम केलं आणि १९४९ च्या कादंबरीत तेच माया जग आणलं, किंवा मग केचुआ बोलत वाढलेला पेरूचा कादंबरीकार आर्गेदास.

अ‍ॅडमिशनला युनिव्हर्सिटीचं नाव बघू नका, गाइड बघा. त्यांचे अलीकडचे एक-दोन पेपर खरंच वाचा आणि मगच छोटी मेल टाका. अमेरिकेत पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षं जातात, बऱ्याच ठिकाणी शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो, तेव्हा फंडिंग लेखी आल्याशिवाय हो म्हणू नका. पर्मनंट जागा कमी आहेत, म्हणून डिग्रीच्या आधी निदान एक पेपर चांगल्या जर्नलला द्या, आणि तो स्पॅनिशमध्ये लिहिलात तर मेक्सिको-पेरूतले अभ्यासकही वाचतील.

आणि नाहुआत्ल आजही दहा लाखांहून जास्त लोक बोलतात, तेव्हा शिकताना शिक्षक शक्यतो त्यांच्यातलाच शोधा.